सस्पेन्स खातं

तळेगाव दाभाडे या गावाला इतिहासाची टंचाई कधीच पडली नाही. सेनापती खंडेराव दाभाड्यांचं हे गाव. 1731 साली डभईच्या लढाईत पहिल्या बाजीरावाशी लढताना पडलेल्या त्रिंबकरावांचं आणि त्यांच्या मातोश्री उमाबाईंचं हे गाव. पुढे 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना इथेच निघाला. माणशी एक पैसा वर्गणी गोळा करून कारखाना उभा राहतो, हे आमच्या गावाने तेव्हाच सिद्ध केलं. आजकाल एका पैशात काय येतं म्हणाल, तर पैसाच येत नाही.

मी स्वतः वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहासाशी माझा संबंध शाळेतल्या सनावळ्यांपुरता. परंतु बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढल्यावर माणसाला एक गोष्ट पक्की कळते: ज्याची नोंद झाली तो इतिहास, आणि ज्याची झाली नाही त्या नुसत्या गप्पा. म्हणून आज मी एका गप्पांतच राहिलेल्या इतिहासाला हात घालतो आहे. मोटारीतल्या विजेचा इतिहास. 'हात घालतो' हे लाक्षणिक अर्थाने घ्यावं. प्रत्यक्ष वायरिंगमध्ये हात घालण्याचं धाडस मी करत नाही.

मोटारीत वीज नव्हती तेव्हा माणूस गाडीपुढे उभा राहून हँडल मारायचा. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी 1911 साली विजेवर चालणारा सेल्फ तयार केला, तो 1912 च्या कॅडिलॅकला बसला आणि मनगटं वाचली. तेव्हापासून गाडीत बॅटरी, डायनामो, वायरी, दिवे असा सगळा संसार आला. आणि संसार म्हटला की कुरबुरी आल्याच.

आपल्याकडे हा संसार थाटला तो वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने. कंपनी 1944 ची, कारखाना कुर्ल्याला. 1954 साली फियाट 1100 आली. लोकांनी तिच्या नाकाडाकडे बघून तिला लाडाने 'डुक्कर फियाट' म्हटलं. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला होत्या. म्हणजे दार नीट लागलं नसेल तर चालत्या गाडीत वाऱ्यानेच ते सताड उघडावं. तेव्हा सीटबेल्ट नव्हता. शेजारच्या माणसाचा हात धरून बसणे, एवढीच काय ती सुरक्षाव्यवस्था.

त्या काळच्या डायनामोचा स्वभावही मोठा मजेशीर. इंजिन जोरात फिरलं तरच तो वीज करणार; गाडी उभी राहिली की हाही बसून घेणार. आता आमचा बोरघाट घ्या. 1830 साली, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, घाटातून चाकाचा रस्ता झाला. मोटारी आल्यावर त्याच वळणांवर मालमोटारींच्या मागे रांगा लागू लागल्या. रात्र, पाऊस, धुकं. वायपर चालू, दिवे चालू आणि गाडी मात्र उभी. अशा वेळी हेडलाइट समईसारखे मंद होत जायचे. आमच्या आळीत एक काका होते, त्यांनी उमेदीची वर्षं मुंबई-पुणे टॅक्सी चालवण्यात घालवली. ते सांगायचे, "अरे, खंडाळ्यात आम्ही दिवा बघून गाडी चालवत नव्हतो. दिवा आहे का, ते बघायला गाडी चालवत होतो!"

यावर उपायही ठरलेला. रस्त्याकडेचा वायरमन. फ्यूज उडाला तर तो सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवायचा. चांदीचा फ्यूज कधीच उडत नसे. त्याऐवजी वायर जळत असे. पण दिवा लागला, गाडी निघाली, वायरमनच्या हातावर दोन रुपये पडले. व्हाउचर नाही, पावती नाही. त्या दोन रुपयांबरोबर त्या बिघाडाचा इतिहासही संपला.

लोक तक्रार का करत नव्हते? कशी करणार? गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, आणि एकदाची गाडी दारात आली की तिच्याच विरुद्ध कंपनीला पत्र टाकायचं? नवसाने झालेल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर कुणी आक्षेप घेतो का? 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली आणि ग्राहक संरक्षण कायदा आला 1986 साली. तोवर गिऱ्हाइकाचं काम पैसे मोजणं आणि धक्का मारणं, एवढंच होतं.

आता काळ बदलला. 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, गाड्यांत संगणक आले. माझी गाडीही अशी संगणकवाली आहे. तिचं नाव सांगत नाही. उगाच एखाद्या घराण्याची बदनामी नको. डावा इंडिकेटर दिला की ती कधी कधी डॅशबोर्डावरचे सगळे दिवे एकदम लावते. सौभाग्यवती म्हणतात, "अहो, दिवाळी झाली!" कधी कधी हेडलाइट दोन-तीन सेकंद जातात आणि आपणहून परत येतात. मी नोटा मोजणारा माणूस, म्हणून हिशेब केला: ताशी 100 किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला सुमारे 28 मीटर जाते. तीन सेकंद म्हणजे 80 मीटरच्या वर. तेवढं अंतर आम्ही उभयता केवळ श्रद्धेवर कापतो.

सर्व्हिस सेंटरला नेली की गाडी शहाण्या बाळासारखी वागते. दवाखान्याच्या पायरीवर दाढ थांबते ना, तसंच. तिथला मुलगा मशीन लावतो आणि म्हणतो, "काही एरर दाखवत नाही सर. या मॉडेलला होतं असं अधूनमधून. नॉर्मल आहे."

या 'नॉर्मल'ला आमच्या बँकेत नाव आहे: सस्पेन्स खातं. दिवसाअखेर हिशेब जुळला नाही, आठ रुपयांचा फरक कुठून आला ते कळत नाही, तर तो तात्पुरता सस्पेन्स खात्यात टाकायचा. सगळी मेख 'तात्पुरता' या शब्दात आहे. तो फरक तिथे मुक्कामाला राहिला, की एके दिवशी तपासणीस येतो आणि त्या आठ रुपयांमागे आठ लाख निघतात.

गाडीच्या धंद्यातलं असं एक सस्पेन्स खातं पुढे जगभर गाजलं, आणि ते ज्या कंपनीचं, तिचा कारखाना आमच्याच तळेगावात होता. जनरल मोटर्स. सप्टेंबर 2008 मध्ये तो इथे सुरू झाला. स्पार्क आणि बीट या गाड्या इथून बाहेर पडू लागल्या आणि आमचं गाव मोटारींच्या नकाशावर आलं. जुलै 2015 मध्ये कंपनीने स्पार्क, बीट आणि एन्जॉय मिळून 1 लाख 55 हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. 2007 ते 2014 या काळातल्या गाड्या, आणि दोष होता रिमोटने दार उघडण्याच्या उपकरणात. गावात चर्चा अशी की, "बघा, एवढी मोठी कंपनी आणि साधं दार जमेना!" मला विचाराल तर ही अब्रू जाण्याची गोष्ट नव्हतीच. दोष सापडला, नोंद झाली, गिऱ्हाइकाला कळवलं. खातं चोख.

चोख नव्हतं ते अमेरिकेतलं. तिथे याच कंपनीच्या काही गाड्यांत इग्निशनचा स्विच सैल होता. आत एक बारीकशी स्प्रिंग आणि खिट्टी असते. तिचा जोर कमी पडे. किल्लीला जड जुडगा अडकवलेला असला, गुडघा लागला किंवा गाडीला हिसका बसला, की किल्ली चालू गाडीत मागे फिरायची. इंजिन बंद. स्टीअरिंग जड, ब्रेक जड, आणि मुख्य म्हणजे एअरबॅगचीही वीज गेलेली. ज्या क्षणासाठी ती पिशवी बसवली, नेमकी त्या क्षणी ती झोपलेली.

कंपनीतल्या लोकांना गाड्या अशा बंद पडतात हे वर्षानुवर्षं माहीत होतं. पण त्यांनी ती बाब टाकली 'ग्राहकाची गैरसोय' या सदराखाली. 'सुरक्षितता' या सदराखाली नाही. मी कॉमर्सचा माणूस असल्यामुळे मला हे वाचून घाम फुटला. चुकीच्या हेडखाली टाकलेली नोंद हरवलेल्या नोंदीपेक्षा वाईट. हरवलेली निदान कुणी शोधतो तरी.

त्याहून पुढची गोष्ट अशी. 2006 साली एका इंजिनिअरने तो स्विच गुपचूप सुधारला, आणि सुट्या भागाचा नंबर मात्र जुनाच ठेवला. कागदावर जुना आणि नवा स्विच एकच! आमच्या बँकेत साध्या स्लिपवर आकडा खोडला तरी शेजारी सही लागते. संगणक आला तरी नियम तोच: आधीची नोंद पुसायची नाही, उलटी नोंद करायची, आणि एकाने केलेली दुसऱ्याने मंजूर करायची. आमचं डोकं खाणाऱ्या या नियमाचा मी आयुष्यभर राग केला. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला मनातल्या मनात नमस्कार केला. नंबर तोच राहिल्यामुळे जुन्या गाड्यांत काय वाईट आहे ते पुढे कुणाच्या ध्यानात येईना. अखेर अपघातात गेलेल्या एका तरुण मुलीच्या आईवडिलांनी दावा लावला, त्यांच्या बाजूच्या तज्ज्ञाने दोन स्विच खोलून शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा खिट्टीच्या लांबीतला फरक दिसला.

2014 मध्ये सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. दुरुस्त भागाची किंमत तिथल्या संसदेतल्या चौकशीत सांगितली गेली ती 57 सेंट. त्या वेळच्या दराने साधारण 34 रुपये. आणि कंपनीच्याच भरपाई निधीने मान्य केलेले मृत्यू 124.

इथे माझा विनोद संपतो. हा आकडा मी कुठल्याच खात्यात जुळवू शकलेलो नाही.

तळेगावात बनणाऱ्या गाड्या त्या यादीत नव्हत्या, हे सांगायला हवं. तेव्हा कंपनीने अमेरिकेतल्या मालकांना सल्ला दिला की दुरुस्ती होईपर्यंत जुडग्यात गाडीच्या किल्लीखेरीज काहीही ठेवू नका. हाच सल्ला आपल्याकडे द्यायचा तर प्रत्येक जुडग्यातून गणपती, साईबाबा, घराची किल्ली, कपाटाची किल्ली, गोदरेजच्या आतल्या खणाची किल्ली आणि बाटली उघडायचं ते, एवढी मंडळी उतरवावी लागतील.

पण दोष केवळ परदेशी कंपनीला देऊन उठता येत नाही. मार्च 2010 मध्ये मुंबईत एक नवी कोरी नॅनो दुकानातून घरी जाता जाता पेटली. आणखीही काही नॅनो पेटल्याच्या बातम्या आल्या. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात टाटा मोटर्सने विजेच्या आणि एक्झॉस्टच्या यंत्रणेला जादा संरक्षण फुकट बसवून देऊ केलं, मात्र याला 'रिकॉल' म्हणू नये असं बजावून. पुन्हा सदराचाच प्रश्न! आणि आपण गिऱ्हाइकं तरी काय वेगळी? सीटबेल्ट लावला नाही की गाडी टुंग टुंग करते. ती आपला जीव वाचवू पाहते; आपण ते 'कटकट' या सदराखाली टाकतो. तो आवाज बंद करण्यासाठी बेल्टच्या खाचेत अडकवायच्या खोट्या क्लिपा बाजारात आल्या, आणि मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्यांची ऑनलाइन विक्री थांबवण्याचे आदेश द्यावे लागले. सिगारेटच्या चांदीचीच ही नातवंडं.

आता कायदा आपल्या बाजूला आला आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 110-अ हे कलम आलं आणि 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षिततेचा दोष असेल, आणि त्या मॉडेलच्या विक्रीच्या मानाने ठरलेल्या संख्येइतक्या तक्रारी आल्या, तर सरकार गाड्या परत बोलवायला लावू शकतं. वाक्यातला महत्त्वाचा शब्द 'तक्रारी'. रस्त्याकडच्या वायरमनकडे टेप गुंडाळून घेतलेली गाडी त्यात मोजली जात नाही. कट्ट्यावर सांगितलेला किस्सा मोजला जात नाही. 'नॉर्मल आहे सर' ऐकून मान डोलावणारा तर मुळीच नाही. पैसा फंडाची गंमत हीच होती: एकाचा पैसा म्हणजे काहीच नाही, पण तो डब्यात पडला पाहिजे, खिशात राहून उपयोग नाही.

जनरल मोटर्सने तळेगावातलं उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबवलं. जानेवारी 2024 मध्ये कारखाना ह्युंदाईच्या ताब्यात आला आणि 2025 मध्ये तिथून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. नव्या गाड्यांत वायरी पूर्वीपेक्षा जास्त आहेत, दिवे जास्त आहेत, किल्ली तर खिशातून काढायचीही गरज नाही. म्हणजे आमच्या या इतिहासाला मरण नाही.

मी माझ्या गाडीची तक्रार सरकारकडे नोंदवली आहे. नंबर मिळाला. तो डायरीत लिहून ठेवला, खाली तारीख घातली आणि सवयीने सही केली. सौभाग्यवतींनी शेजारी दुसरी सही केली, म्हणाल्या, "दोघांनी मंजूर करायची असते ना?"