दोर एकच

आमच्या मिरकरवाड्यात ‘होडी बांधली’ म्हटलं की अर्थ दोन: नवी तयार केली, किंवा दोराने धक्क्याला अडकवली. इंग्रजी ‘बाइंड’ने होडी तयार होत नाही, जखम, पुस्तक बांधता येतं, करारात माणूस बांधता येतो. तरी मूळ एकच, संस्कृत ‘बन्ध्’चंच. संस्कृत, फारसी आणि युरोपीय भाषांचा उगम एक असावा, असं विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडलं. फारसी ‘बंदा’ म्हणजेही मुळात बांधलेला. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बेहिस्तून शिलालेखात सम्राट दारियसच्या ताबेदारांना ‘बंदक’ म्हटलंय.

लोक विचारतात, ‘मुसलमान असून मराठीत कविता?’ माझ्या दुआमधला ‘बंदा’ आणि तुमचं राखी ‘बांधणं’ एकाच दोराचे पीळ आहेत. तो मी सोडू कशाला?