पेठ आणि बिऱ्हाड : कोल्हापूरच्या वाढीचा धडा

शहरांच्या इतिहासात राजवाड्यांची व तटबंदीची वर्णने पुष्कळ आढळतात. परंतु व्यापारी, कारागीर व विद्यार्थी यांस राहावयास जागा कशी मिळाली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबे धंद्यासाठी गाव सोडून शहरात आली. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न ग्रंथांतला नसून घरातला आहे. म्हणून कोल्हापूरचे उदाहरण ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

१८९१ साली मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली. १८९४ साली राजर्षी शाहू छत्रपतींनी राज्यकारभार हाती घेतला आणि दुसऱ्याच वर्षी, १८९५ मध्ये, स्टेशनाजवळ शाहूपुरी पेठ वसविली. भोवतालच्या उसाच्या गावांतून गूळ बैलगाडीने येई. त्याला पेठ हवी होती आणि पेठेला रेल्वे हवी होती. महाराजांनी व्यापाऱ्यांस जागा व सवलती दिल्या. कोल्हापुरी गुळाच्या लौकिकामागे शेतकऱ्याच्या घामाबरोबर हा जागेचा विचारही आहे.

महाराजांनी केवळ व्यापाऱ्यांचीच सोय पाहिली नाही. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले आणि पाठोपाठ निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातील मुलास शहरात पाठ टेकावयास जागा मिळाली, तेव्हाच शाळेचे दार त्याच्यासाठी खऱ्या अर्थाने उघडले. १९०६ साली कापडगिरणीचाही पाया घातला गेला. मिरज-कोल्हापूर लोहमार्गावर महाराजांनी आपल्या जनकपित्याच्या नावे जयसिंगपूर वसविले. तेथील सरळ, एकमेकांस छेदणारे रस्ते आजही आखणीची साक्ष देतात.

पुढे शहर पूर्वेकडे वाढले. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांची राजारामपुरी वसली आणि तिच्या लगत शिवाजी उद्यमनगरात ओतकाम व यंत्रकामाचे कारखाने निघाले. घरातून निघून पायी कामावर जाता येई. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे शिरोली व गोकुळ शिरगाव येथे कारखानदारीस विस्तृत जागा मिळाली. कामे वाढली, परंतु काम आणि घर यांतील अंतरही वाढले.

जागेची मागणी वाढली की नदीकाठची सखल जमीनही मोलाची वाटू लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी वस्तीत शिरले. दुकानातील माल व घरातील संसार एकाच वेळी भिजला. ज्या पेठांनी शहर मोठे केले, त्यांतल्या काही भागांसही पुराची झळ लागली. नदीला दोष देणे सोपे आहे. तिच्या पात्राची वाट कोणी अडविली, हे विचारणे कठीण आहे.

या इतिहासाचा बोध आम्हांस असा वाटतो की, धंद्यास जागा देताना बिऱ्हाडाचा, पाण्याचा व वाटेचा विचार एकत्र झाला पाहिजे. आपल्या कुटुंबांनी जमीन घेताना दर विचारावा, तसाच पुराचा इतिहासही विचारावा. आणि जेथे आपले वजन असेल तेथे नगरपालिकांकडे हाच आग्रह धरावा. वसतिगृहासाठी ज्या पिढीने पै पै जमविली, तिचे ऋण फेडण्याचा याहून उचित मार्ग आम्हांस दिसत नाही.