एका जुन्या खुर्चीची दुरुस्ती

वडगांव मावळ हें नांव जानेवारी १७७९ मधील इंग्रज-मराठे तहामुळें इतिहासांत राहिलें आहे. तेव्हां या टापूंतील कोणतीहि जुनी वस्तु त्या तहाशीं जोडण्याचा मोह होणें साहजिक होय. येथील एका घरांतील, वेताच्या बैठकीची सागवानी खुर्ची अशीच 'तहाच्या वेळची' म्हणून आमच्याकडे आली. ती घासून नवी करावी, अशी मालकांची इच्छा. घासण्यापूर्वीं ती पोथीप्रमाणें वाचावी, असें आमचें मत.

खुर्ची उलटी करून पाहतां आडपट्ट्यांच्या सांध्यांत स्क्रू आढळले. प्रत्येकाचें भोंक एकच असून त्यांत दुसऱ्या खिळ्याची खूण नव्हती. अर्थात् ते मूळचेच. त्यांचीं टोंकें गिरमिटासारखीं अणकुचीदार होतीं. पूर्वींच्या स्क्रूंचीं टोंकें बोथट असत. टोंकदार स्क्रू यंत्रावर सर्रास होऊं लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. तहाची कथा येथेंच संपली. दुरुस्तीच्या भरांत ते स्क्रू आधींच फेंकले असते, तर हा पुरावाहि गेला असता.

लेपाची परीक्षा झांकल्या जागीं केली. स्पिरिटच्या थेंबानें तो मऊ पडला. म्हणून तो लाखेचा ठरला. लाख स्पिरिटांत पुन्हां विरघळते व नवा हात जुन्याशीं एकजीव होतो. सबब खरवडण्याचें कारण उरलें नाहीं. मळ ओलसर फडक्यानें टिपला आणि स्पिरिटांत विरघळविलेल्या चपडा लाखेचे पातळ हात, कापडांत गुंडाळलेल्या कापसानें दिले. ढिले सांधे सरसाचे होते. ऊन पाण्यानें सरस मऊ करून ते उकलले व नव्या सरसानेंच बसविले. पुढें कोणास ते पुन्हां उकलतां येतील.

तुटलेली बैठक मात्र नवी विणविली, कारण वीण ही झिजणारीच. ऐतरेय ब्राह्मणांत राज्याभिषेकासाठीं सांगितलेली आसंदीहि उंबराच्या लांकडाची असून तिची वीण मुंज गवताची आहे. सांगाडा लांकडाचा व बैठक विणीची, ही रचना इतकी जुनी आहे.

पोथींतील चुकलेल्या अक्षरावर लेखक हरताळ लावी, आणि खालचा पाठ पुष्कळदां कायमचा झांकला जाई. कांचकागद हा लांकडावरील हरताळच होय. संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, काढावा लागलेला प्रत्येक खिळा आणि वेताचा एक तुकडा तरी टिपणासह वस्तूजवळ जपून ठेवावा.