पायगुण

वऱ्हाडात ‘घटसर्प’ म्हटले की शेतकऱ्याला आधी आठवतात ती गुरे. पावसाळ्यात गळा सुजून चांगली बैलजोडी बसते, तो घटसर्प. माणसांचा घटसर्प नावापुरताच त्याचा भाऊबंद. त्याचे जंतू अगदी निराळे. मुलांच्या घशात तो करडा, चिवट पापुद्रा धरतो आणि श्वास कोंडतो. १९६१ च्या दिवाळीच्या तोंडावर तो वरवट बकालच्या आमच्या घरात शिरला आणि माझ्या पाच वर्षांच्या भावाला घेऊन गेला.

त्या वर्षी आत्याची मुलगी शिकायला आमच्याकडे राहिली होती. तिच्या गावी चौथीपुढे शाळा नव्हती. ती ठणठणीत होती, साधे पडसेही तिला झाले नव्हते. तरी दिवसकार्य आटोपताच ओसरीवरच्या बायका कुजबुजल्या, “पोरीचा पायगुणच खराब हाय वं माय!” आठवडाभरात तिची ट्रंक बैलगाडीत चढली. शाळा सुटली ती कायमची.

पुढे मी मास्तर झालो. या रोगाचा इतिहास वाचताना एके ठिकाणी थबकलो. १८८३ साली क्लेब्स यांनी घशातल्या पापुद्र्यात हे जंतू पाहिले होते. दुसऱ्याच वर्षी जर्मनीत लोफ्लर यांनी ते वेगळे काढून वाढवले. हाच रोगाचा कर्ता, असे ठरणार, तोच त्यांनी तपासलेल्या वीस निरोगी मुलांपैकी एकाच्या घशात तेच जंतू निघाले! आपल्याच सिद्धांताला आड येणारी ही गोष्ट त्या प्रामाणिक माणसाने दडवली नाही, नोंदवून ठेवली. धडधाकट पोरही जंतू बाळगते, ते खोकल्याशिंकेतून दुसऱ्याला देते आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो, हे पुढे उमगले.

मारतो तो जंतूपेक्षा त्याचा विषार. हे रू आणि येर्सँ यांनी पॅरिसमध्ये १८८८ साली दाखवले. त्याहून नवल १९५१ साली अमेरिकेत फ्रीमन यांना दिसले: निरुपद्रवी जंतूला एका विशिष्ट विषाणूची बाधा झाली की तो विषार करू लागतो. म्हणजे अपराधी शोधायला निघावे, तर जंतूही दुसऱ्याचाच बाधित! रामाँ यांनी १९२० नंतरच्या दशकात फॉर्मालिनने तो विषार निर्विष करून लस साधली. आपल्याकडे १९७८ साली लसीकरणाचा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला आणि त्रिगुणी लस खेडोपाडी पोहोचू लागली. मात्र ही लस शरीराला विषाराशी झुंजायला शिकवते. घशात जंतू राहू शकतोच. म्हणून एकाच्या पोराला टोचून भागत नाही, सगळ्यांच्या पोरांना टोचावे लागते.

गेल्या दिवाळीत ताईकडे गेलो. फराळ झाल्यावर हे सारे तिला सांगितले. म्हटले, “ताई, पायगुण वगैरे काही नव्हते. जंतू तुझ्या घशात असेल किंवा माझ्या. आपण तिघे एकच उसाचे कांडे चघळत होतो.”

ती बराच वेळ पणतीची वात सारखी करीत राहिली. मग म्हणाली, “मंग तुले काऊन नाई धाडलं रे, बाबू?”

मी खाली पाहिले. माझी शाळा तर पुढच्याच आठवड्यात सुरू झाली होती.