भोलानाथला प्रश्न विचारणारी भावंडं



स्मरणिकेत शाळेच्या आठवणी पुष्कळ येतील, म्हणून मी वेगळा विषय घेतला आहे. आपल्या गॅदरिंगला दर वर्षी टेपवर जी बालगीतं वाजायची, ती आली कुठून? त्यांचा थोडा इतिहास इथे मांडते.

मराठीत मुलांची गाणी आधीपासून होती, पण रेकॉर्डवर आवाज बहुतेक मोठ्यांचा असे. ‘नाच रे मोरा’ हे 1953 सालच्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातलं गाणं. शब्द गदिमांचे, चाल पु. ल. देशपांडे यांची आणि आवाज विशीतल्या आशाबाईंचा. गाणं अवीट आहे, पण त्यात एक मोठी गायिका लहान होऊन गाते.

खरी लहान मुलं गायली नव्हती असं नाही. एप्रिल 1942 मध्ये पुण्यात मास्टर दीनानाथ मंगेशकर गेले. तेव्हा लताबाईंना तेरावं वर्ष चालू होतं, मीनाताई दहा वर्षांच्या होत्या आणि हृदयनाथ तर चार वर्षांचे. पुढच्याच वर्षी ‘माझं बाळ’ या चित्रपटासाठी आशाबाईंनी आपलं पहिलं चित्रपटगीत गायलं. त्यांचं वय जेमतेम दहा, संगीत दत्ता डावजेकरांचं. ही भावंडं लहानपणी गायली, पण घर चालवायचं होतं म्हणून.

याच घरातल्या दुसऱ्या मुलीने, म्हणजे मीना खडीकर यांनी, पुढे बालगीतांना निराळं वळण दिलं. 1961 च्या ‘माणसाला पंख असतात’ या चित्रपटाचं संगीत त्यांचं. पण घराघरांत त्या पोहोचल्या बालगीतांमुळे. त्यांनी ही गाणी मुलांकडूनच गाऊन घेतली आणि त्यांत त्यांची स्वतःची मुलं होती, योगेश आणि रचना. मंगेश पाडगावकरांचं ‘सांग सांग भोलानाथ’, राजा मंगळवेढेकरांचा चॉकलेटचा बंगला, पावसात जाण्यासाठी आईकडे हट्ट करणारं वंदना विटणकरांचं गाणं, या सगळ्यांच्या चाली मीनाताईंच्या. दहाव्या वर्षी वडील गमावलेल्या मुलीने आई झाल्यावर आपल्या मुलांना माइकसमोर उभं केलं ते खेळायला, हट्ट करायला आणि शाळेला सुट्टी मागायला. मला या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

ही गाणी आपल्याला चटकन का आली, हेही त्यातच आहे. आवाज मुलांचा, पट्टी मुलांची, चाल एका श्वासात मावणारी. हरकती नाहीत, मुरक्या नाहीत. पेटी नसली तरी साठ जणांनी एका सुरात म्हणावीत अशी ती बांधली आहेत. शिवाय भोलानाथ म्हणजे नंदीबैल. नंदीवाला प्रश्न विचारतो आणि बैल मान हलवतो, हे घोडेगावच्या बाजारात आपण पाहिलेलं. त्यामुळे ते गाणं मुंबईच्या स्टुडिओतलं असलं तरी परकं वाटलं नाही.

फरक होता तो पावसाचा. गाण्यातल्या मुलाला शाळेभोवती तळं साचून सुट्टी हवी असते. आहुप्यात घाटमाथ्यावर पाऊस लागला की समोरचा गोरखगड आठ-आठ दिवस दिसायचा नाही. तरी आपल्याला सुट्टी नव्हती, कारण आपण शाळेतच राहत होतो. आपल्याला सुट्टी हवी असायची ती आवणीसाठी. घरी भाताची रोपं उपटायला हात कमी पडायचे आणि आईची आठवण यायची. गाण्यातल्या भावंडांची आई तिथेच चाल शिकवत होती. आपली आई इरलं घेऊन चिखलात उभी होती. ‘आई’ हा शब्द आला की आपला आवाज खाली का यायचा, हे आपल्या बाईंना कळायचं. मग त्या तेच गाणं पुन्हा लावायच्या.

या इतिहासात एक जागा मात्र रिकामी आहे, आणि ती आपली आहे. आपल्या वाड्या-वस्त्यांवरही भावंडं गातच होती. आई रानात हिरडा वेचायला गेली की थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन जे गुणगुणायची, ते कुठल्या रेकॉर्डवर आलं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या कितीतरी आज ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. म्हणजे हे काम होऊ शकतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. माझ्या मुलीला भोलानाथ पाठ आहे, पण माझ्या आईची गाणी तिला येत नाहीत. आई आता सत्तरीच्या पुढे आहे. तुमच्याही घरी हेच चित्र असेल.

म्हणून एक विनंती. मेळाव्याला येण्याआधी आई, आजी, मोठी बहीण, जी कोणी असेल तिच्याजवळ बसा आणि मोबाइलवर एक तरी गाणं रेकॉर्ड करून आणा. सूर चुकला तरी चालेल, मध्ये कोंबडा आरवला तरी चालेल. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि ते गाणं ती कधी म्हणायची, एवढं सोबत लिहा. ती सगळी गाणी नीट लावून शाळेच्या संगणकावर ठेवण्याचं काम माझ्याकडे. पुढच्या गॅदरिंगला भोलानाथ वाजेलच. त्याच्या शेजारी आपलंही एक गाणं वाजू द्या.