पेवावरची फळी

आमच्या अंगणात, तुळशीपासून पाच पावलांवर, जमिनीलगत चार फूट चौरस लाकडी झाकण आहे. पाहुणे त्याला पाण्याची टाकी समजतात. पोरं वर उभी राहून पाय आपटतात, तेव्हा खालून ढोलासारखा आवाज येतो. मग हमखास प्रश्न येतो, "खाली काय हाय?"

खाली पेव आहे.

'क्लासचं पेव फुटलं', 'पुढाऱ्यांचं पेव फुटलं' असं आपण सगळेच म्हणतो. पण पेव म्हणजे काय, हे विचारलं तर भलेभले गप्प होतात. पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं भुयार. रांजणासारखं, तोंडाला अरुंद आणि पोटात रुंद. ते भरलं की वर्षानुवर्षं निजून राहायचं, आणि फुटलं की धान्याचा ढीग लागायचा. वस्तू गेली, म्हण तेवढी राहिली.

आमचं गाव सोलापूरकडचं, ज्वारीचं. काळीत पिकवायचं आणि पांढरीत राहायचं, ही जुनी रीत. पेवही पांढरीतच काढायचं. काळी माती ओल धरून ठेवते, पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, तिच्यात दाणा टिकत नाही. आमचं पेव पणजोबांनी काढलं. आत उतरायला शिडी लागायची. भरण्याआधी तळात काटक्या, गोवऱ्या जाळून ते खडखडीत वाळवायचं, भिंती शेणामातीनं लिंपायच्या, बाजूनं कडबा लावायचा आणि मग ज्वारी ओतायची. वर पुन्हा कडबा, त्यावर दगडी शिळा, सांधे चिखलानं बंद आणि सगळ्यावर मातीचा उंचवटा, म्हणजे पावसाचं पाणी बाजूला निघून जाई. कडेची ज्वारी काळवंडायची आणि तिच्या भाकरीला आंबूस वास यायचा. मधली मात्र चांगली निघायची.

किडा का लागत नसे, ते मला पुढं कळलं. दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो. बंद पेवात तो आणि त्यातले किडे मिळून हवेतला प्राणवायू संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. मग किडे गुदमरतात. औषध नाही, पावडर नाही, दाणा स्वतःच्याच श्वासानं स्वतःला राखतो. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. त्याला रंग नाही की माणसाला सावध करील असा वास नाही.

आमच्या थोरल्या चुलत्यांना, दादांना, त्यानंच नेलं.

मी तेव्हा तिसरीत होतो. बहात्तरच्या दुष्काळाला अजून चार वर्षं होती. घरात लगीन होतं आणि पेव काढायचं होतं. पेव उघडलं की एक दिवस तसंच ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा, आणि कंदील विझला तर उतरायचं नाही, हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ होता. पण त्या दिवशी घाई होती. शिळा सकाळी सरकवली आणि दुपारी दादा उतरले. वरून हाक मारली, तर ओ आली नाही. त्यांच्या मागं उतरायला निघालेल्या माझ्या वडलांना चौघांनी धरून ठेवलं. नाहीतर त्या दिवशी घरातनं दोन तिरड्या उठल्या असत्या. दादांना दोरीचा फास टाकून वर घेतलं तेव्हा सगळं संपलं होतं.

थोरली आई तेव्हा पंचवीस वर्षांची होती. पुढं कित्येक वर्षं ती अंगणातल्या त्या जागेला वळसा घालूनच चालली.

त्यानंतर पेव भरलं नाही. तसंही पेवांचे दिवस सरतच आले होते. हायब्रीड ज्वारी आली, पोत्यात आली आणि पोत्यात गेली. रेशनचं दुकान आलं, पत्र्याच्या कोठ्या आल्या. १९७२ साली पाऊस पडला नाही तेव्हा आम्ही खडी फोडायला गेलो, सुकडी आणि मिलो खाल्ला. आजी त्या झाकलेल्या पेवाकडं बघून म्हणायची, "ह्ये भरल्यालं आसतं तर..." आणि थोरली आई जवळ असली तर वाक्य तिथंच सोडायची. ज्यानं माणूस नेला, त्याच्याच नावानं उपासाच्या दिवसांत उसासा टाकायचा, अशी ती अडचण.

आमच्या मुलखात दामाजीपंतांची कथा पोरासोरांना ठाऊक. मंगळवेढ्यात दुष्काळात त्यांनी बिदरच्या पातशहाची कोठारं भुकेल्यांना उघडून दिली आणि पुढं विठ्ठलानं येऊन पैसे भरले. म्हणजे साठवण्याइतकंच उघडण्यालाही पुण्य. आमच्या घरानं मात्र उघडण्याची धास्ती घेतली होती.

२००५ साली कृष्णेला महापूर आला. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं आहेत. त्यांत पाणी शिरून मोठं नुकसान झाल्याचं वाचलं आणि आमचं पेव आठवलं. जाऊन बघतो तर शिळा एका बाजूनं खचलेली. धाकटा भाऊ म्हणाला, "दोन ट्रॉल्या मुरूम टाकू आन् वर काँक्रीट करू. कटकट संपली."

थोरली आई उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "बुजवू नगा. बुजवल्यावर कुणाला कळंल, हितं काय झालं ते? फळ्या टाका. पर फट ठिवा. कोंडून घालू नगा."

सुतारानं बाभळीची फळी घेतली. आधी तोंडाभोवती विटांचा चौथरा बांधून घेतला, चारी बाजूंनी लाकडाला अर्धा फूट टेकण मिळेल असा. खचलेल्या काठावर झाकण टेकवलं तर काठासकट आत जाईल, हे त्यानंच सांगितलं. त्यावर चौकट, आणि चौकटीत दोन भागांचं झाकण, म्हणजे एका माणसाला एकेक भाग उचलता यावा. खालून आडव्या पट्ट्या. उचलायच्या कड्या लाकडात खाच पाडून बसवल्या, कुणाला ठेच लागू नये म्हणून. झाकणाखाली लोखंडी जाळी आणि तिला कुलूप. पोरांनी झाकण उचललं तरी जाळी राहते.

फट मात्र त्यानं ठेवली नाही. फळीला फळी घट्ट भिडवली. दिसायला ते छान, पण पहिल्याच पावसात लाकूड फुगलं आणि झाकण असं अडकलं की पहार लावली तरी हलेना. दिवाळीनंतर सुकल्यावर निघालं. मग कडा रंधून घेतल्या आणि फळी-फळीत पाव बोटाची फट ठेवली. सुतार म्हणाला, "म्हातारीनं आधीच सांगितलं हुतं की!" तिनं हवेसाठी सांगितलं होतं. लाकडालाही तेच हवं होतं.

आता दरवर्षी आखितीनंतर, पावसाआधी, आम्ही झाकण काढतो. फळ्या उन्हात उलट्या घालतो, खालच्या अंगाला जळकं ऑइल लावतो, चौथऱ्याच्या भेगा भरतो. घरातली पोरं जमतात. त्यांना दादांची गोष्ट सांगतो. मग दोरीला कंदील बांधून जाळीच्या दारातनं खाली सोडतो. थोरली आई होती तोवर दोरी तिच्या हातात असायची. आता ती माझ्या हातात असते.

कंदील तळाला टेकतो. ज्योत हलत नाही, विझतही नाही. तरी आत कुणी उतरत नाही.