कंथा आणि पर्यंक

भर्तृहरीने नीतिशतकातील एका श्लोकात कार्यार्थी पुरुषाचे वर्णन करताना भूमी आणि पर्यंक, कंथा आणि दिव्य वस्त्रे यांना समोरासमोर ठेवले आहे. कंथा म्हणजे चिंध्यांचे पांघरूण, अर्थात आपली गोधडी. पर्यंक म्हणजे पलंग. गोधडी जमिनीची, पलंग वैभवाचा, अशी ही जुनी विभागणी. पुढे सामान्य घरांतही पलंग आला आणि जमिनीच्या अंथरुणासाठी शिवलेली गोधडी त्यावर तोकडी पडू लागली.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचाच नव्हे. ‘पलंगपोस’ या शब्दाचा इंग्रजांनी ‘पॅलम्पोर’ केला. कोरोमंडल किनाऱ्यावर कलमाने रंगवलेले, जीवनवृक्षाची नक्षी असलेले हे पलंगपोस सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपात जात. इंग्लंडने १७०० मध्ये अशा चिटांच्या आयातीवर आणि १७२१ मध्ये त्यांच्या वापरावरही निर्बंध घातले. त्यामुळे लहानसा तुकडाही मोलाचा ठरला. अमेरिकेतील उंच खांबांच्या पलंगांना तीन बाजूंनी खाली लोंबणारे पांघरूण लागे. तेथील गृहिणींनी हिंदी पलंगपोस मधोमध ठेवून भोवती दुसऱ्या चिटांच्या पट्ट्या जोडल्या.

गोधडीचे काम मात्र इतके सोपे नाही. तिचे माप पलंग पाहून ठरत नसे, जुन्या लुगड्याच्या पन्ह्यावरून ठरे. आत फाटकी धोतरे, परकर, मुलांची अंगडी. आणि सर्वांवरून धावदोरा. रजई मोठी करणे सोपे: खोळ उसवावी, पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्यावा, मोठ्या खोळीत भरावा. गोधडीचे थर टाक्याटाक्याने एकजीव झालेले असतात. ती उसवली तर हाती चिंध्याच उरतात. कडेला नुसती पट्टी जोडली, तर नव्या कापडाचा भार विरलेल्या सुतावर येतो आणि शिवणीलगतची जुनी बाजू फाटते. म्हणून जाणती बाई पलंगाच्या मापाचे अस्तर अंथरते, मध्यभागी जुनी गोधडी ठेवते, भोवती जुनेराचे थर घालून तिच्या जाडीला आणते आणि साऱ्यांवरून नव्याने धावदोरा घालते. हाताने हे काम आठवडेच्या आठवडे चालते.

उत्तर कन्नडमधील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांतील सिद्दी स्त्रियांची ‘कवंदी’ याहून अवघड. आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांतील कित्येकांचे पूर्वज गोव्यातील दास्यातून सुटून या रानात आले. ते घरी कोंकणी बोलतात. कवंदी कडेपासून सुरू होऊन चारी अंगांनी फिरत मध्याकडे जाते. कोपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांची ‘फुले’ लावतात. त्यांवाचून ती पुरी मानीत नाहीत. अशा वस्त्राला बाहेरून वाढवायचे म्हणजे थेट आरंभालाच हात घालणे होय.

गोधडी वाढवणारीपुढे शेवटी एक पेच उरतोच. जुनी गोधडी नव्या लुगड्याखाली झाकली, तर ती पुष्कळ टिकते. परंतु आईच्या इरकलीचा काठ, आजीच्या लुगड्याची चौकड डोळ्यांआड होते. दोन्ही बाजू उघड्या ठेवल्या, तर घर्षणाने तेच काठ आधी झिजतात. त्यातल्या त्यात निजणाऱ्याच्या अंगाकडील बाजू झाकावी आणि वरचे अंग उघडे ठेवावे, हे बरे.